तुम्ही विचारलंत म्हणून: या झाडाचं खरं नाव काय?

प्रश्न साधारण असा येतो. सकाळी फिरायला बाहेर पडलेलं कुणीतरी वाटेत थांबवतं आणि मोबाइल पुढे करतं. फोटो हललेला असतो, पानं अर्धी सावलीत, फूल असलंच तर पाठमोरं. "काकू, तुम्ही विकिपीडियावर झाडांचं लिहिता ना? याचं नाव काय हो?" मी सांगते. समोरची मान हलते. "हो, तसं आमच्याकडेही म्हणतात. पण खरं नाव?"

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी मराठी विकिपीडियावर वनस्पतींची पानं लिहिते आणि त्याहून जास्त वेळ लिहिलेली पानं दुरुस्त करते. त्यात माझीही आली. याचे पैसे मिळतात का, हा दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न. त्याचं उत्तर 'नाही' एवढ्यात संपतं. खऱ्या नावाची चौकशी करणाऱ्यांना मात्र मी आजवर रस्त्यात उभ्या उभ्या काहीबाही सांगून वाटेला लावलं आहे. एकदा बसून सांगते.

मी बदलापूरला राहते. पहिला पाऊस होऊन आठ-पंधरा दिवस झाले की स्टेशनबाहेर ठाकूर आणि कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसतात. त्यात गवताच्या पात्यांसारखी दिसणारी एक जुडी असते. आमच्या घरात तिला फोडशी म्हणतात. कुणी कुलू म्हणतं, कुणी काल्ला. सफेद मुसळीच्या गोतातली ही भाजी. त्या गोतातल्या एका जातीला वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाऊ आणि फर्नांडिस यांनी १९५५ साली 'क्लोरोफायटम बोरिविलियानम' असं नाव दिलं, बोरिवलीवरून. लॅटिन नावात आपलं लोकलचं स्टेशन बसलेलं बघून मला अजूनही मौज वाटते.

अशा भाजीचं पान लिहायला घेतलं की पहिल्याच ओळीला अडतं. विकीवर एका पानाला मथळा एकच देता येतो. फोडशी लिहिलं की कुलूवाले रुसतात, कुलू लिहिलं की फोडशीवाले. यावर तोडगा असतो पुनर्निर्देशनाचा. म्हणजे 'कुलू' या नावाचं एक रिकामं पान करायचं आणि त्यावर येणाऱ्याला सरळ 'फोडशी'कडे पाठवून द्यायचं. शब्द सरकारी वाटतो, पण काम पोस्टमनचं आहे. पाकिटावर नाव कुठलंही घाला, पत्र त्या घरी गेलं म्हणजे झालं. माझ्या खात्यावरची निम्मीअधिक संपादनं असल्या पोस्टमनगिरीची आहेत आणि मला त्यांचा लेखांपेक्षा जास्त अभिमान आहे. पण मथळ्याचा मान काही केल्या जात नाही. नारळाच्या पानाचं नाव 'नारळ' असावं की 'माड', यावर चर्चा पानावर, म्हणजे प्रत्येक लेखाला जोडलेल्या वादविवादाच्या पानावर, मी तीन आठवडे वाद ऐकला आहे. कोकणातल्या माणसासाठी झाड म्हणजे माड, नारळ हे त्याचं फळ, आणि तेही शहाळंपण सरल्यावरचं. देशावरच्या माणसाला झाडही नारळाचंच. दोघंही बरोबर होते, म्हणून तर तीन आठवडे लागले.

कारवी हे सह्याद्रीतलं झुडूप सात वर्षांनी फुलतं की आठ, हे भांडण त्या मानानं लवकर मिटलं. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ ला फुलली. सात वर्षं वाढते आणि आठव्या वर्षी फुलते, म्हणजे मोजायला कुठून सुरुवात करता एवढाच प्रश्न. तरी दर पावसाळ्यात कुणीतरी येऊन आकडा बदलून जातंच.

आता माझी चूक सांगते, कारण 'खरं नाव' या शब्दांची मला जी धास्ती बसली ती तिथून.

सुरुवातीच्या दिवसांत मी 'अंजन' असं पान लिहिलं. माथेरानला काढलेला फोटो लावला. काळसर पानं, फांदीलाच चिकटलेले निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके, इतका देखणा फोटो मला पुन्हा जमला नाही. मजकुरात लिहिलं की लाकूड लोखंडासारखं कठीण, झाड धुळे-जळगावकडच्या कोरड्या रानात वाढतं, पाला गुरांना घालतात. एकेक वाक्य कुठल्या ना कुठल्या पुस्तकात होतं. फक्त ती दोन वेगळ्या झाडांची वाक्यं होती. खानदेशातला अंजन म्हणजे हार्डविकिया बिनाटा, जोडपानाचा, आपट्याच्या पानाची आठवण करून देणारा, आणि त्याची फुलं बारीक, फिकट पिवळसर, लक्षही जाणार नाही अशी. माझ्या फोटोतली होती अंजनी, मेमेसायलॉन, सह्याद्रीतली. लाकूड दोघांचंही कठीण, तिथे मी फसले. त्यात अंजनीला काही भागांत अंजनच म्हणतात. म्हणजे नाव चुकलं नव्हतं. एका नावाची दोन झाडं असतात हे मला सुचलं नव्हतं.

दोनेक वर्षांनी चर्चा पानावर एका सदस्यानं एकच ओळ टाकली: "आमच्या अंजनाला निळी फुलं कधीपासून लागली?"

मी शरमेनं दुरुस्तीला बसले आणि फोटो काढून टाकला, मजकूर तोडला. दुसऱ्या दिवशी पान पुन्हा होतं तसं. एका तिसऱ्याच सदस्यानं माझा बदल उलटवला होता आणि खाली संदर्भ जोडला होता, एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीचा. पुरवणीत निळ्या फुलांचा खानदेशी अंजन छापून आला होता. वाचत गेले तसं पोटात गोळा आला. 'लोखंडाला लाजवील असं लाकूड' ही माझी शब्दयोजना. पुरवणीनं मजकूर माझ्याच पानावरून उचलला होता, आणि आता माझीच चूक खोडायला गेले तर मलाच तो छापील पुरावा दाखवला जात होता. संदर्भ द्या, संदर्भ द्या म्हणून नवख्यांना दटावणारी मी!

ते निस्तरायला महिना गेला. शेवटी थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथातली दोन्ही झाडांची वर्णनं शेजारी शेजारी मांडली तेव्हा समोरचा सदस्य गप्प झाला. आता 'अंजन' असं शोधलं की आधी विचारणा होते, तुम्हाला कुठला हवा? याला निःसंदिग्धीकरण म्हणतात. हा शब्द मी कुणाला तोंडी सांगत नाही.

मग शास्त्रीय नावच खरं म्हणा की, असं विचारणारे असतात. वकिली थाटात विचारतात. त्यांना मी बाभळीचं उदाहरण देते. शाळेत आपण तिला अकेशिया म्हणून शिकलो. अकेशिया प्रजातीत हजाराहून अधिक जाती, बहुतेक ऑस्ट्रेलियातल्या. अभ्यासकांच्या लक्षात आलं की हे एक कुटुंब नाही, वेगवेगळी घरं आहेत. घरं वेगळी करायची तर अकेशिया हे नाव कुणी ठेवायचं? नियमानं ते बाभळीच्या घराकडे जायला हवं होतं, कारण नाव मुळात त्या घरावरूनच पक्कं झालेलं. पण ऑस्ट्रेलियाच्या जाती इतक्या, की त्या सगळ्यांची नावं बदलण्यापेक्षा नियमाला अपवाद करू असं २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ठरलं आणि २०११ ला मेलबर्नमध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. आपली बाभूळ व्हाचेलिया निलोटिका झाली. हिवरही व्हाचेलियात गेला, खैर सेनेगालियात. ती सगळी पानं मी एका दिवाळीत बसून बदलली. फराळ जाऊबाईंनी केला. एवढं सगळं होईस्तोवर आमच्या मामाच्या शेताच्या बांधावर ती बाभूळच होती.

पण नावाचा घोळ दर वेळी हसण्यावारी नेता येत नाही. कोविडच्या काळात गुळवेलीच्या पानावर रोज नवी मात्रा लिहिली जायची. एक कांड, दोन कांडं, काढा, सकाळ-संध्याकाळ. मी खोडायची, दुसऱ्या दिवशी मात्रा वाढलेली. विकीवर औषधाचं प्रमाण द्यायचं नसतं हे मी इतक्यांदा लिहिलं की मला आयुर्वेदाची वैरीण ठरवून झालं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, सगळे गुळवेल घेतलेले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की रुग्णांनी घेतली ती वेल गुळवेलच होती हे कुणी तपासलं? टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे आपली गुळवेल, आणि तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा वेगळी. वादात कोण बरोबर हे ठरवणं माझं काम नाही. पान लिहिणाऱ्याला मात्र त्यातून काय घ्यायचं ते कळतं. त्या दिवसापासून गुळवेलीच्या पानावर सारख्या दिसणाऱ्या वेलींचा परिच्छेद मी उपयोगांच्या वर नेऊन ठेवला आहे. कुणी खाली ढकलला की पुन्हा वर नेते.

कळलावीचं तर नावच घात करतं. कळा लावणारी, म्हणून बाळंतपणात उपयोगी, असं नावावरूनच अनुमान काढून लोक लिहून जातात. तिच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन असतं, कंदात भरपूर. माणूस मरतो. आगीच्या ज्वाळांसारखं ते फूल तमिळनाडूनं राज्यफूल केलंय, दिसतंही तसंच दिमाखात. पण पानाच्या माहितीचौकटीखाली पहिलं वाक्य मी विषाचंच ठेवते.

याच्या उलट टोकाला नरक्या. त्याच्या पानावरून मी माहिती काढून टाकते, ती खरी असते म्हणून. कर्करोगावरच्या औषधासाठी लागणारं कॅम्प्टोथेसिन या झाडात असतं आणि सिंधुदुर्गातून त्याची चोरटी तोड होते. कुणी हौसेनं गाव, वाडी, ओढा असा पत्ता लिहिला की मी तो जिल्ह्यावर आणून ठेवते. कंदिलासारखी फुलं येणाऱ्या कंदीलपुष्पांचंही तेच. खाण्यासाठी कंद खणून नेणारे आहेत, आणि आता फोटोसाठी तुडवणारेही.

नावांवरून आठवलं. नाना भाषांतली नावं एका ठिकाणी मांडायची ही रीत काही इंटरनेटनं आणलेली नाही. डचांचा कोचीचा अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे यानं 'हॉर्टस मलबारिकस' करवून घेतला, बारा खंड, ॲम्स्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ या काळात छापलेले. झाडांची माहिती इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याची. आणि पडताळणीला रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी ब्राह्मण. चित्रांवर झाडाचं नाव रोमन, मल्याळम आणि अरबीबरोबर नागरीतही आहे. कोकणी नावं, आपल्या लिपीत, पहिल्या खंडातली तर शिवाजी महाराज हयात असताना कोरून छापलेली. त्या चित्रांची छापील प्रत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चार नावांपैकी खरं कुठलं हा प्रश्न मला तरी पडला नाही. चारही पाकिटं एकाच घरी जात होती.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला सोडवता आलेली नाही. विकीवर नाव लिहायचं तर ते कुठेतरी छापून आलेलं लागतं. नाहीतर पुढे 'संदर्भ हवा' अशी खूण लागते आणि काही महिन्यांनी कुणीतरी ते उडवतं. नियम योग्य आहे. तो नसता तर माझे निळ्या फुलांचे खानदेशी अंजन जागोजाग उगवले असते. पण रानातली नावं बहुतेक तोंडीच असतात. २०११ साली भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत काही विकीकरांनी तोंडी माहितीचं ध्वनिमुद्रण करून तेच संदर्भ म्हणून धरायचा प्रयोग केला होता. तो रुजला नाही.

गेल्या जूनमध्ये स्टेशनबाहेर फोडशी घेताना मी भाजीवालीला विचारलं, "मावशी, याला तुमच्यात काय म्हणतात?"

"फोडशी."

"ते आम्ही म्हणतो. तुमच्यात?"

ती जुडीचे बुडखे नीट लावत होती. मग तिनं एक वेगळंच नाव सांगितलं. फोडशी नाही, कुलू नाही, काल्ला नाही. मी दोनदा म्हणवून घेतलं. "तुम्ही फोडशी म्हणता म्हणून फोडशी म्हणून विकते," ती म्हणाली. "तसं ओरडले तर घेणार कोण? किती देऊ?"

दोन जुड्या घेतल्या. नाव पिशवीतल्या बिलाच्या पाठीवर लिहून ठेवलं, घरी येऊन वहीत उतरवलं. कुक पाहिला, माझ्याकडची बाकीची पुस्तकं पाहिली, कुठेच नाही. इथे ते मी लिहीत नाही. लिहिलं तर उद्या कुणीतरी हाच लेख संदर्भ म्हणून जोडेल.