पुण्यात स्वतःची जिओकॅश लपवताना काय काय करावं लागलं – माझा अनुभव

जिओकॅशिंगवर मराठीत फारसं कोणी लिहीत नाही आणि लिहिलंच तर ते "चला खजिना शोधूया" इथेच थांबतं. शोधण्याबद्दल मीही तासभर बोलू शकते, पण मला सांगायचंय ते दुसऱ्या बाजूचं, म्हणजे आपण स्वतः डबा लपवायचा आणि तो साईटवर पब्लिश होईपर्यंत जे जे काही करायचं ते, कारण माझ्या मते या छंदातली सगळ्यात मोठी मजा तिथेच आहे आणि पुण्यात हे करणारे लोक अजून खूप हवेत.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. कोणीतरी एक डबा, म्हणजेच जिओकॅश, लपवतो, त्याचे कोऑर्डिनेट्स म्हणजे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंग डॉट कॉमवर टाकतो, बाकीचे लोक फोनचा जीपीएस लावून तिथे पोचतात, डबा हुडकतात, आतल्या लॉगबुकात नाव आणि तारीख लिहितात, डबा होता तसाच परत ठेवतात आणि मग ऑनलाइन लॉग टाकतात. आतली एखादी छोटी वस्तू घ्यावीशी वाटली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. जगात आज तीस लाखांपेक्षा जास्त असे डबे आहेत. भारतात त्या मानाने खूपच कमी.

माझ्यासोबत शोधायला असते माझी भाची. ती टेकडीवर नुसतं फिरायला चल म्हटलं की पाय दुखतात म्हणते, आणि डबा शोधायचाय म्हटलं की पाण्याची बाटली भरून दारात उभी असते. आपण पण एक लपवूया ना मावशी, हे तिचंच.

तर सुरुवात जागेपासून. आमच्या दोघींच्या मनात अर्थातच वेताळ टेकडी होती, पहाटे मोर ओरडत असतात, खाणीपाशी उभं राहिलं की अर्धं पुणं दिसतं, अजून काय पाहिजे. पण वरचा बराच भाग वनखात्याचा आहे आणि जिओकॅशिंगचा पहिला नियम हाच की जागा ज्याची आहे त्याची परवानगी हवी. शिवाय खड्डा खणून डबा पुरायचा नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, भिंतीचा दगड उपटायचा नाही. आपल्याकडे अजून एक गोष्ट जास्त बघावी लागते ती म्हणजे लष्कराच्या जागा, पुण्यात त्या किती आहेत ते सगळ्यांना माहितीये, त्यांच्या आसपाससुद्धा डबा नको. आणि आपण राहतो तिथून जवळ हवं, कारण डबा ओला झाला, फुटला, हरवला तर जाऊन बघायची जबाबदारी लपवणाऱ्याची. महाबळेश्वरला ट्रिपला गेलो आणि येताना एक ठेवून आलो असं चालत नाही. मला हा नियम मनापासून आवडतो.

शेवटी टेकडीच्या पायथ्याशी पाषाणच्या बाजूला एक नर्सरी आहे तिथे ठरवलं. नेमकी कुठली ते नाही सांगत, शोधणाऱ्यांची मजा जाईल. तिथले काका मला तोंडओळखीने माहीत होते, कढीपत्त्याचं रोप त्यांच्याकडूनच नेलेलं. मी सगळं समजावून सांगितलं तर आधी त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे लोक येणार, डबा उघडणार, सही करणार आणि तसेच जाणार? विकत काही घेणार नाहीत?"

"घेतीलही काका, पण घ्यायलाच हवं असं नाही. आणि पेजवर नर्सरीचं नावही टाकता येत नाही, जाहिरात चालत नाही तिथे."

"मग तुला काय मिळतं गं यातून?"

मी म्हटलं, लोकांनी लिहिलेलं वाचायला मिळतं. ते हसले नाहीत. थोडा वेळ कुंड्यांवर पाणी मारत राहिले आणि मग म्हणाले, "ते बेवारस वस्तूचं काय? उद्या कोणी पोलिसांना फोन केला म्हणजे?"

हा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि पुण्यात तर विचारायलाच हवा. २०१० ला जर्मन बेकरी आणि २०१२ ला जंगली महाराज रोड इथे बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर रस्त्यात पडलेल्या डब्याकडे या शहरात कोणी सहज बघत नाही आणि बघूही नये. म्हणून मी काकांना तीन गोष्टी कबूल केल्या. डबा आरपार दिसणारा असेल, बाहेरून मोठ्या अक्षरात हा जिओकॅशिंग खेळाचा डबा आहे असं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं असेल, आणि माझा नंबर काकांकडे असेल. मग ते तयार झाले. नुसते तयार नाही, मागच्या गल्लीकडे कंपाउंडच्या बाहेर त्यांचीच थोडी जागा आहे तिथे जुन्या कुंड्या रचलेल्या असतात, त्यातली एक काठाला टवका गेलेली मातीची कुंडी त्यांनी उचलून दिली, म्हणाले ही उलटी ठेव आणि खाली डबा सरकव, कोणाला कळणार नाही.

डब्यासाठी तुळशीबाग. चारी बाजूंनी क्लिप लागणारा, रबराची रिंग असलेला प्लास्टिकचा डबा घेतला, साधारण साडेतीनशे मिलीचा. साईटवर साईझ ठरलेले असतात, १०० मिलीच्या आतला मायक्रो, १०० मिली ते एक लिटर स्मॉल, त्यावर रेग्युलर, म्हणजे आमचा स्मॉल. घरी आणून सिंकमध्ये पाण्याखाली दाबून धरला, आत टिश्यू पेपर ठेवून, आणि भाचीने घड्याळ लावलं. टिश्यू कोरडा निघाला. ही टेस्ट प्रत्येकाने करावी, झिप पाऊच आणि ओल शोषणारं सिलिका जेल वगैरे नंतरचं, रिंग गळकी असेल तर पुण्याच्या जुलैत काहीच टिकत नाही. लॉगबुक म्हणून छोटी स्पायरल वही आणि पेन्सिलीचा तुकडा, कारण दमट कागदावर बॉलपेन ओढत नाही आणि पेन्सिल चालते.

कोऑर्डिनेट्सला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. साईटवर ते अंश आणि मिनिट, मिनिटाचे तीन दशांश असे लिहितात, आणि शेवटचा आकडा एकाने बदलला की उत्तर-दक्षिण दिशेत जवळपास १.८५ मीटरचा फरक पडतो. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटरपर्यंत बरोबर असतो पण आमच्या गल्लीत एका बाजूला भिंत आणि वरती आंब्याचं झाड, त्यामुळे आकडे सारखे हलत होते. म्हणून कुंडीवर फोन ठेवायचा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, लिहून घ्यायचा, मग गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत यायचं आणि पुन्हा घ्यायचा, वेगळ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा, आणि सगळ्यांची सरासरी काढायची. भाचीला गणितात सरासरी नुकतीच शिकवलेली, तिने वहीत काढून दिली.

तिथेच थांबलेले असताना काकांनी विचारलं हे सुरू कोणी केलं, आणि ती गोष्ट मला सांगायला फार आवडते. अमेरिकन सरकार आधी सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालायचं, त्यामुळे जागा शंभर मीटरनेसुद्धा चुकायची. मे २००० च्या सुरुवातीला ती चूक घालणं बंद केलं आणि एका रात्रीत सगळ्यांचे रिसीव्हर कितीतरी अचूक झाले. लगेच ३ मेला डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ऑरेगॉनमध्ये पोर्टलंडजवळ जंगलात एक काळी बादली ठेवली, आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक बेचकी असलं काहीबाही, आणि कोऑर्डिनेट्स इंटरनेटवर टाकले. बेचकी म्हटल्यावर काका खूश.

मग पेज लिहायचं. कठीणपणा आणि रस्ता या दोन्हींना १ ते ५ मध्ये मार्क द्यायचे असतात, अर्ध्या-अर्ध्याने. रस्त्याला १ द्यायचा तर व्हीलचेअरवरून पोचता आलं पाहिजे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराची एक पायरी आहे म्हणून १.५ द्यावा लागला, याचं मला खरंच वाईट वाटलं. वर्णन मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहिलं. हिंट मात्र इंग्रजीत, कारण साईट हिंट लपवते ती प्रत्येक अक्षर १३ घरं पुढे सरकवून आणि ते फक्त रोमन अक्षरांना लागू पडतं, देवनागरीत लिहिली तर सगळ्यांना उघडीच दिसेल.

हे सगळं रिव्ह्यूअरकडे जातं. रिव्ह्यूअर म्हणजे पगारी माणूस नाही, खेळणाऱ्यांपैकीच अनुभवी स्वयंसेवक. परवानगी कोणाकडून घेतली, डबा नक्की कसा आणि कशाखाली आहे, फोटो, सगळं मी आधीच नोटमध्ये लिहिलेलं तरी उत्तर आलं की जागा बदलावी लागेल. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर म्हणजे एक दशांश मैल अंतर लागतं, आणि एका कोड्याच्या कॅशचा खरा डबा माझ्या कुंडीच्या त्याहून जवळ होता. कोड्याच्या कॅशची खरी जागा नकाशावर दिसत नाही, कोडं सोडवणाऱ्यालाच कळते, त्यामुळे नुसता नकाशा बघून हे मला कळणं शक्य नव्हतं. रिव्ह्यूअरने ती जागा सांगितली नाही, सांगायचीही नसते, फक्त पूर्वेला सरक एवढं कळवलं, आणि ते इतक्या नीट, समजावून लिहिलेलं की चिडायला जागाच नव्हती. काकांना सांगितलं तर ते कुंडी उचलून कंपाउंडच्या पार दुसऱ्या टोकाला घेऊन निघालेसुद्धा. पुन्हा सरासरी, पुन्हा फोटो. यावेळी पास.

पब्लिश झाल्याचं नोटिफिकेशन संध्याकाळी आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायच्या सुमारास पहिला लॉग. एक नवरा-बायको, दोघं बाणेरहून टू-व्हीलरवर आलेले, पहिला शोधण्याचा मान मिळावा म्हणून. त्यांनी लिहिलेलं की कुंडी उचलली तेव्हा खाली बेडूक बसलेला आणि डबा त्याला न हलवता काढला. मी ते भाचीला फोनवर वाचून दाखवलं, तिने परत वाचायला लावलं. नंतर एक जर्मन पाहुणा आला, हिंजवडीत कामासाठी आलेला, त्याने लॉगमध्ये लिहिलं की टेकडीचा हा भाग त्याच्या ऑफिसमध्ये कोणी त्याला सांगितलाच नव्हता, आणि डब्यात एक ट्रॅव्हल बग सोडून गेला. ती नंबर कोरलेली धातूची पट्टी असते, ती ठेवून घ्यायची नसते, पुढच्या डब्यात नेऊन सोडायची आणि साईटवर तिचा प्रवास दिसत राहतो. आमच्याकडून ती बंगळुरूला गेली.

न खेळणाऱ्यांना आमच्यात मगल म्हणतात आणि त्यांच्यासमोर डबा काढायचा नसतो. काका आता मगल राहिलेले नाहीत. कोणी गल्लीत फोनकडे बघत घुटमळायला लागलं की ते आत निघून जातात, मुद्दाम, शोधणाऱ्याला मोकळीक मिळावी म्हणून. पावसाळ्यात मी दर थोड्या दिवसांनी जाऊन वही बघते आणि सिलिका जेल बदलते, तर बऱ्याचदा कुंडीभोवतीचं गवत त्यांनी आधीच काढलेलं असतं.

पुढचा प्लॅन अर्थकॅशचा आहे. त्यात डबाच नसतो, भूगर्भातलं काहीतरी बघण्यासारखं दाखवायचं आणि प्रश्न विचारायचे, येणाऱ्याने स्वतः बघून उत्तरं पाठवायची. टेकडीवरच्या जुन्या खाणीत दगडाचा कापलेला पृष्ठभाग समोर उभा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट, आणि रोज शेकडो लोक त्याच्या शेजारून फास्ट वॉक करत जातात. डबा नसला तरी जागेच्या परवानगीसाठी अर्ज दिलाय, अजून उत्तर यायचंय. तोवर प्रश्न तयार करतेय. आपल्यात कोणी जिऑलॉजी शिकलेलं असेल तर प्लीज सांगा, प्रश्न बरोबर आहेत का ते बघायला एखाद्या रविवारी सोबत टेकडीवर याल का? सकाळी सातच्या आत निघावं लागेल, नंतर खाणीत ऊन फार लागतं.