पोट साफ, विषय माफ?

आज दुपारी जेवताना एकाने हळूच बद्धकोष्ठतेचा विषय काढला. आधी सगळे गप्प, मग प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी! घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं.

बहुतेकांना वाटतं, रोज एकदा शौचाला झालीच पाहिजे. तसं काही नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही नॉर्मल असू शकतं. त्रास होत नाही ना, आणि नेहमीची सवय अचानक बदललेली नाही ना, हे बघायचं.

खरी गंमत वेळेची आहे. खाल्लं की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, सकाळी तर जास्तच. म्हणजे नाश्त्यानंतरची दहा मिनिटं सोन्याची, आणि नेमकी तीच आपण धावपळीत घालवतो. शौचाची कळ दाबून ठेवली की मल आतच राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि तो कडक होतो. मग कुंथणं आलं. कमोडवर बसताना पायाखाली छोटा स्टूल घेतला तर गुडघे वर येतात, मार्ग सरळ होतो. मोबाइल मात्र बाहेर ठेवा (हे वाक्य काहींना फार झोंबलं).

तंतुमय पदार्थ दिवसाला किमान 25 ग्रॅम हवेत. पण एकदम वाढवले तर पोट फुगतं. हळूहळू वाढवा, सोबत पाणी प्या, चाला.

आणि मलात रक्त दिसलं किंवा विनाकारण वजन उतरलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.