तुम्ही विचारलंत म्हणून: सारस खरंच जोडीदारामागे मरतो का?

मी सुट्टीच्या दिवशी पक्षी बघायला जाते हे कळलं की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला, जोडीदार गेला की सारस अन्नपाणी सोडून मरतो ना? गुजरातेत नव्या नवरा-नवरीला सारसाची जोडी दाखवायला नेतात, त्यामुळे ही गोष्ट इथे सगळ्यांना माहीत.

तर नाही, मरत नाही. जोडी वर्षानुवर्षं टिकते, पण एक गेला तर उरलेला पुन्हा जोडी जमवू शकतो. गेल्या पावसाळ्यात आत्याला घेऊन खेडा जिल्ह्यात गेले होते, भाताच्या शेतात पाण्याच्या मधोमध गवत-पेंढ्याचा ढीग, त्यावर एक सारस बसलेला. दुसरा संथ चालत आला तसा हा उठला, चोचीने दोन्ही अंडी हळूच फिरवली, बाजूला झाला आणि आलेला लांब पाय दुमडून बसला. महिनाभर असंच, पाळीपाळीने. अंडीही उबवायची आणि जागाही राखायची हे एकट्याला झेपत नाही म्हणून तर ती जोडी.

आणि सगळ्या पक्ष्यांचं कुठे एकसारखं असतं? लांब शेपटीच्या कमळपक्ष्यात मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते, उबवणं-सांभाळणं सगळं नर करतो. सुगरणीचं घरटं विणतो नर, आणि एक मादी राहायला आली की तो दुसरीसाठी नवीन विणायला घेतो. पक्ष्यांच्या 90 टक्के जाती जोडीने राहतात असं म्हणायचे, पण डीएनए तपासल्यावर त्यातल्या कित्येकांच्या घरट्यात बाहेरच्या नराची पिल्लं निघाली. सस्तन प्राण्यांत तर जोडीने राहणाऱ्या जाती 10 टक्केही नाहीत.

माणसात सगळंच सापडतं, उत्तराखंडातल्या जौनसार-बावर भागात भावाभावांत एक बायको असायची. आणि आपले नियम आपणच बदलतो, आपल्या बडोद्यात सयाजीरावांनी हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1931 साली आणला, देशभर यायला 1955 उजाडलं.

हे मी इतकं तळमळून सांगते कारण आत्या पंचेचाळिशीत विधवा झाली, चार वर्षांनी तिला पुन्हा लग्न करावंसं वाटलं, तेव्हा घरातल्याच एका मोठ्या माणसाने जेवताना सगळ्यांसमोर तिला ही सारसाची गोष्ट ऐकवली. ती काही बोलली नाही, ताट उचलून आत गेली, आणि लग्न राहिलंच. मी तेव्हा कॉलेजात होते, मलाही ती गोष्ट खरीच वाटायची.

आता ती सत्तरीची आहे. त्या दिवशी शेताच्या बांधावर तिला खरं काय ते सांगितलं. दुर्बीण डोळ्यांना तशीच लावून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मग त्यांना दुसरा भेटतो कुठे गं?"

मी सांगितलं, जोडी नसलेले सारस थव्याने राहतात, तिथे भेटतो.