रानातली सुरी: पावसाळ्यानंतरची नोंद

रानातल्या मुक्कामासाठी मी तीन सुऱ्या वापरून बघतोय, त्यातली एक या पावसाळ्यात यादीतून गेली. लाकडी मुठीची, घडीची. धारेला ती झकास होती, पाते पातळ, कांदा-काकडीला तर तिच्यासारखी दुसरी नाही. पण पन्हाळा ते पावनखिंड वाटेवर मसाई पठारापासून पावसानं जे धरलं, ते सोडलंच नाही. मुठीचं लाकूड फुगलं आणि पाते खाचेतून निघेना. गार पडलेल्या ओल्या बोटांनी नखात धरून ओढायची सुरी आपल्या जुलैत कामाची नाही. शिवाय कोंबडी किंवा मासा साफ केला की घडीच्या खाचेत चरबी जाऊन बसते, ती धुऊन निघत नाही. म्हणून आता शोध फक्त न मिटणाऱ्या पात्याचा.

शौकात नव्यानं आलेले बरेचजण 'हंटिंग नाइफ'च हवी म्हणतात. शिकार आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद झाली, आणि ते योग्यच झालं. आपल्या कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळवीट धरायचा शौक होता. त्या जमान्याच्या खुणा नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात बघून याव्यात. पण शिकारीच्या सुरीची घडण मात्र समजून घेण्यासारखी आहे. तिचं 'ड्रॉप पॉइंट' पाते पाठीकडून हळूच उतरत टोकाला येतं. टोक खाली, पात्याच्या मध्याजवळ राहतं, त्यामुळे कातडी सोडवताना ते आतड्यात घुसत नाही. धारेच्या बाजूला पोट गोलसर असतं, ते लांब ओढीच्या कापाला उपयोगी. मुक्कामावर मटण-मासळी करणाऱ्याला हाच आकार लागतो. वर उचललेलं बारीक टोक दिसायला रुबाबदार, पण जोर लागला की आधी तेच मोडतं.

आता मुख्य काम. ट्रकच्या कमानपाट्यातून लोहारमामांकडून घडवून घेतलेली सुरी. अशा पाट्यांच्या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. म्हणजे धार बेताची टिकते, पण पाते सहसा तुटत नाही. पाणी पाजण्याबद्दल मामांचं म्हणणं सरळ आहे: "जास्त कडक केलं की फुटतंय, कमी केलं की वाकतंय. मधलं धरायचं बघा." लाल झालेल्या पात्याला लोहचुंबक चिकटेनासं झालं, की आणखी थोडं तापवून तेलात बुडवलं. थंड झाल्यावर कानस वरून नुसती घसरली, म्हणजे कडकपणा आला. मग सुमारे २०० अंश सेल्सिअसवर दोनदा टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा उतरवायला पुन्हा मंद तापवणं. घासून उजळ केलेल्या पात्यावर तेव्हा फिका गवती पिवळा रंग चढतो.

पाते भक्कम झालं, पण कापेना. धार लावलेली होती, कागद सरळ कापायची, तरी गाजरात घातली की गाजर कापलं न जाता फटकन चिरायचं. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर धारेच्या लगेच मागे जाडी १ मिमीच्या वर. खरी गोष्ट इथंच आहे. पोलादाच्या नावावर आपण तासन् तास वाद घालतो, पण सुरी कापते ती धारेमागच्या पातळपणानं. म्हणून पाते कोल्हापूरच्या उद्यमनगरात बेल्ट ग्राइंडरवर (फिरत्या घासपट्ट्याच्या यंत्रावर) पुन्हा उतरवायला घेतलं. पाठ ४ मिमीच ठेवली, धारेमागची जाडी अर्ध्या मिमीवर आणली. हातमोजे न घालता पाते धरायचं, चटका बसायच्या आत पाण्यात बुडवायचं, परत घासायचं. कडेला निळा रंग दिसला तर समजावं की तेवढी जागा मऊ पडली आणि टेंपर गेला. शेवटची धार दोन्ही बाजूंनी २० अंशांची. आता तेच गाजर कागदासारखं उतरतं, आणि वाळक्या बाभळीची काटकी उभी फाडली तरी धार मुडपत नाही.

तुलनेला 'मोरा' या स्वीडिश कंपनीची 'कंपॅनियन' सुरी आहे. पाते १०४ मिमी, पातळ, स्टेनलेस. मुठीत पूर्ण लांबीचं पोलाद नसूनही रोजच्या कामाला ती भरपूर झाली. पहिली सुरी घेणाऱ्याला मी आजही तीच सांगेन. गगनबावड्याच्या धुक्यात कार्बन पोलादावर रात्रीत तांबूस ठिपके येतात. स्टेनलेसला ती काळजी कमी. 'डी२' नावाच्या पोलादाचं कौतुक मला पटत नाही. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असलं तरी बरंचसं कार्बाइडच्या (कार्बनशी जुळून झालेल्या) कडक कणांत अडकतं, त्यामुळे गंजापासून पूर्ण सुटका नाही, आणि साध्या दगडावर धार काढता काढता हात भरून येतात.

धारेवरचा शेवटचा हात मारायला आपल्या गावात सोनं आहे: कोल्हापुरी चपलेचं उरलेलं कातडं. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, घट्ट, न ताणणारं. लाकडी पट्टीला चिकटवून त्यावर पॉलिशिंग पेस्ट घासली की दगडानं धारेवर उठलेली बारीक खरखरीत कड (बर) निघून जाते. म्यानही त्याचंच शिवतोय. मात्र कार्बनची सुरी त्यात मुक्कामाला ठेवू नये. कातडं ओल धरतं. घरी आल्यावर पुसून, खोबरेलाचा हात फिरवून, उघडीच ठेवावी.

माप ठरवताना कायदाही बघा. घरगुती, शेती किंवा उद्योगाच्या कामासाठी नसलेलं पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल, तर ते शस्त्र कायद्याच्या यादीत येतं. ४ इंचांत सगळं भागतं, मोठ्याचा मोह कशाला? दुसरं म्हणजे, राधानगरी-दाजीपूरला अभयारण्यात शिरताना सुरी सॅकमध्ये राहू देऊ नका. वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत चाकूही शस्त्रच आहे आणि लेखी परवानगीशिवाय तो आत नेता येत नाही.

मूठ अजून बसायची आहे. शिसवीच्या दोन फळ्या कापून ठेवल्यात, पितळी पिना ६ मिमीच्या. मूठ मधोमध थोडी फुगीर ठेवणार, बोट धारेवर घसरू नये म्हणून पुढं छोटा उंचवटा, आणि जवसाचं तेल पाजून वाळवणार. नंतर तिला आंबा घाटात पहिल्यांदा ओल्या हातानं वापरून बघायचं आहे.