हेड गॅस्केट लगेच मिळालं, फेसिंगने जीव घेतला

माझ्या जुन्या दीड लिटर व्हीटेक होंडा सिटीला टर्बो बसवलाय. त्या दाबाला इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं मऊ कंपोझिट गॅस्केट तग धरत नाही, म्हणून स्टीलच्या थरांचं एमएलएस मागवलं. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) 75 मिमी, गॅस्केटचा 76. गॅस्केटचं भोक जरा मोठंच हवं; कड आत आली की तापून लाल होते आणि इंजिन ठोकायला लागतं, म्हणजे नॉकिंग.

अडलं ते हेडच्या फेसिंगला, म्हणजे गॅस्केट बसतं ती बाजू सपाट-गुळगुळीत करण्याला. संभाजीनगरात रीबोअरिंगची दुकानं भरपूर, पण तिथे ट्रॅक्टर-ट्रकचं काम जास्त. एमएलएसला पृष्ठभाग 0.8 मायक्रॉन आरएच्या (आरए म्हणजे खडबडीतपणाची सरासरी) आसपास किंवा त्याहून बारीक लागतो. स्टील मऊ नसतं. चरे बुजवायला त्यावर फक्त रबराचा पातळ लेप असतो. मी आकडा कागदावर लिहून दिला. "भाऊ, आरसा करून देतो, काळजी कशाला करायलात?" मग उद्या या, परवा या. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरचे हेड आधी होणार हे मलाही पटतं, पण मग तारीख तशी सांगावी. हेड हातात आलं तेव्हा चमकत होतं, नख मात्र अडकत होतं. वाळूजला क्वालिटीत असलेल्या मित्राने रफनेस टेस्टर लावला, 2.1 आलं. परत नेलं तर म्हणे, "ट्रॅक्टरला चालतंय, तुमच्याच गाडीला काय झालं?" याचा राग अजून जात नाही. ट्रॅक्टरचं कंपोझिट गॅस्केट मऊ असतं, ते चरे भरून घेतं. कागदावर आकडा होता, तो कुणी वाचलाच नाही.

शेवटी एमआयडीसीतल्या एका टूलरूमने हळू फीड ठेवून हेड मिल केलं. 0.7! ब्लॉकही तिथेच दिला. म्हणून काम देण्याआधी विचारा, आरए मोजून देणार का? नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

टर्बोसाठी कॉम्प्रेशन रेशो उतरवायला जाड गॅस्केट घाला, असं बरेच मेकॅनिक सांगतात. ऐकू नका. माझ्या बोअरला 0.3 मिमी जाडी वाढवली तर 9.5 चं जेमतेम 9.25 होतं, वर पिस्टन-हेडमधली फट वाढून नॉकिंगची भीती वाढते.

आणि हो, ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून ब्लॉक घासू देऊ नका, ती भुकटी तेलातून बेअरिंगपर्यंत जाते. एमएलएसवर सिलंट नको. बोल्टची भोकं हवा मारून कोरडी करा. बंद भोकात तेल साचलं तर टॉर्क खोटा दाखवतो, ब्लॉकला तडाही जाऊ शकतो.