तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरात अबुएलांची पुस्तकं का?

"इथे मराठी टिकवायचीच मारामार, त्यात ही स्पॅनिश लोकांची पुस्तकं कशाला आणतेस?" हे मला रत्नागिरीहून आईने विचारलं, मंडळाच्या गणपतीत दोघी-तिघींनी विचारलं आणि परवा तुम्हीही विचारलंत. "लेकीला आवडतात" म्हणून मी दरवेळी वेळ मारून नेली. आज नीट सांगते. अबुएला म्हणजे स्पॅनिशमध्ये आजी.

आम्ही अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या पूर्व भागात राहतो. आमच्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ स्पॅनिश कानावर पडतं. लेक पहिलीत असताना एकदा हिरमुसून घरी आली. शाळेतल्या कागदावरच्या रेघेत तिचं नाव मावलं नव्हतं. तिचं, बाबांचं आणि आडनाव, सगळं लिहायचा तिचा हट्ट होता आणि कुणीतरी "मधलं गाळून टाक" म्हणालं होतं. शेजारच्या आजींना हे कळलं. त्या मूळच्या मेक्सिकोतल्या, नातीला सांभाळायला इथे आलेल्या. त्यांनी नातीचं एक पुस्तक आणून दिलं.

त्यातल्या मुलीचं नाव आल्मा सोफिया एस्पेरान्सा होसे पुरा कांदेला. एवढं लांब की कागदावर मावत नाही, तिला जास्तीचा तुकडा चिकटवावा लागतो. ती बाबांकडे तक्रार करते, तेव्हा ते तिला जवळ घेऊन एकेक नाव उलगडतात. सोफिया ही पुस्तकांवर, कवितेवर आणि जाईजुईसारख्या फुलांवर जीव असलेली आजी. होसे हा चित्रकार आजोबा. कांदेला ही अन्यायाविरुद्ध उभी राहणारी आजी. पेरू देशातल्या लिमामध्ये वाढलेल्या हुआना मार्तिनेस-नील यांनी हे लिहिलं आणि चित्रंही त्यांचीच. पुस्तक 2018चं.

ते मिटल्यावर लेकीने विचारलं, "माझ्या नावात कोण आहे?"

तिचं नाव माझ्या आजीचं, शारदा. बारशाला आत्याने ते तिच्या कानात सांगितलं, एवढंच मी तिला आजवर सांगितलेलं. त्या रात्री आम्ही आईला फोन लावला. शारदाआजी चौथी शिकलेली, पण चातुर्मासात अख्ख्या वाडीला पोथी वाचून दाखवायची. मे महिन्यात खळ्यात आंब्याची साठं घातली की काठी घेऊन कावळे हाकत बसायची. लेक दीड तास फोनवर होती, तोही मराठीत. तोवर आईशी तिचं बोलणं "जेवलीस का" आणि "हो"च्या पुढे सरकत नसे.

मग मी लायब्ररीतली तसली पुस्तकं वाचतच सुटले.

पुरा बेलप्रे हे नाव तेव्हा कळलं. कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावरून आलेली ही बाई 1921मध्ये न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात, हार्लेमच्या शाखेत रुजू झाली. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिला तिथल्या कपाटांत दिसेनात. म्हणून ती त्या मुलांना तोंडी सांगू लागली, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्येही, पुढे तर स्वतः केलेल्या बाहुल्या नाचवून. पेरेस नावाचा उंदीर आणि मार्तिना नावाची झुरळीण यांची तिची गोष्ट 1932मध्ये पुस्तक होऊन आली. मार्तिना मागणी घालायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, माझ्याशी कसा बोलशील? गोड बोलणारा पेरेस तिला पसंत पडतो, लग्न होतं, आणि सणाचा भात शिजताना तो भांड्यात पडून मरतो. मार्तिना रडत राहते. शेवट कुणी गोड केलेला नाही आणि मला ते फार भावलं. आजीच्या तोंडून गोष्ट जशी आली तशीच ती कागदावर उतरली आहे. आज लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या, बालसाहित्याचा मोठा पुरस्कार याच बाईंच्या नावाने दिला जातो.

दुसरं मला जवळचं वाटणारं पुस्तक कार्मेन लोमास गार्झा यांचं. त्या टेक्सासमधल्या किंग्सव्हिलच्या. तिथल्या शाळांतून एके काळी स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. तिथेच वाढलेल्या या बाईंचं 1990चं पुस्तक इंग्रजी आणि स्पॅनिश एकाच पानावर मांडतं. एका चित्रात स्वयंपाकघर माणसांनी भरलेलं आहे. आजोबांबरोबर मुली मक्याच्या कणसाची वाळलेली पानं भिजवताहेत, आई त्यांवर पीठ पसरतेय, मावशी-काका त्यात सारण भरताहेत, आजी गुंडाळलेले तमाले रचून ठेवतेय. काही घरांत हे काम फक्त बायका करतात, आमच्याकडे सगळे करतात, असं गोष्ट सांगणारी मुलगी म्हणते. हळदीच्या पानातले पातोळे करताना आमच्या ओटीवर अशीच पंगत बसायची. फरक एवढाच, आमच्याकडचे पुरुष फक्त खायला यायचे.

सगळीच पुस्तकं अशी नसतात. टोप्या, पिन्याता (खाऊ भरून काठीने फोडायच्या रंगीत हंड्या) आणि नाचगाणी भरलेली कित्येक मी दोन पानांत मिटली आहेत. आपल्याबद्दलची इंग्रजी पुस्तकंही बहुतेक तशीच असतात: दिवाळी, रांगोळी, लाडू, आणि शेवटी शब्दार्थ. ती वाचताना आपल्याच घरात पाहुण्यांना वस्तू दाखवत फिरल्यासारखं होतं. मला आवडलेल्या पुस्तकांत अबुएला नुसती येते आणि कामाला लागते. ती कोण हे वाचणाऱ्या मुलाला दुसऱ्या पानापर्यंत कळलेलं असतं.

युयी मोरालेस या लेखिका-चित्रकाराची पुस्तकंही मी लेकीला वाचून दाखवते. त्या 1994मध्ये तान्ह्या मुलाला घेऊन मेक्सिकोहून अमेरिकेत आल्या आणि सार्वजनिक ग्रंथालयातल्या चित्रांच्या पुस्तकांवर इंग्रजी शिकल्या. मीही कडेवर लेक घेऊनच आले होते. त्यांच्या पुस्तकात त्या येण्याचं पान आलं की माझा आवाज घोगरा होतो आणि लेक पान पटकन उलटते.

आता लेकीने स्वतःचं पुस्तक काढलंय. पहिल्या पानावर खळं, ताटात साठं, काठी घेतलेली शारदाआजी आणि झाडावर सहा कावळे. वर तिरकी मराठी ओळ, खाली इंग्रजी. तिसरी, स्पॅनिश ओळ शेजारच्या आजी सांगणार आहेत. त्यांचं साठाशी अडलंय. आंबा त्यांना ठाऊक आहे, पण असा वाळवलेला त्यांनी कधी खाल्लेला नाही. आईने पार्सल पाठवलंय, ते आलं की ती ओळ लिहायची.