वनस्पतींचे अर्क जंतूंवर तपासताना: वर्तुळ नको, एमआयसी मोजा

समजा, लवंगेचं १० मायक्रोलिटर तेल ६ मिलिमीटरच्या कागदी चकतीवर सोडलं, चकती जिवाणू पसरलेल्या आगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती २० मिलिमीटरचं स्वच्छ वर्तुळ उमटलं. शेजारच्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या चकतीभोवती २५ मिलिमीटरचं. लगेच लिहिलं जातं की तेल जवळपास प्रतिजैविकाच्या तोडीचं आहे. पण दोन्ही चकत्यांवर किती माल होता ते पाहा. लवंगेचं तेल पाण्याहून थोडं जड असतं, म्हणजे त्या चकतीवर साधारण १० मिलिग्रॅम तेल होतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या प्रमाणित चकतीत असतात ५ मायक्रोग्रॅम. फरक दोन हजार पटींचा.

वर्तुळाचा आकार पदार्थाच्या ताकदीइतकाच तो आगारमधून किती सरकतो यावर ठरतो. टॅनिनचे मोठे रेणू आणि पाण्यात न विरघळणारे टर्पीन चकतीजवळच अडकून बसतात, त्यामुळे चांगला अर्कही 'निष्क्रिय' ठरतो. उलट थायमॉलसारखा उडून जाणारा पदार्थ झाकणाखालच्या हवेतून सगळ्या प्लेटभर पसरतो आणि शेजारच्या चकतीचं वर्तुळही फुगवतो. वीस अर्कांतून पाच निवडायचे असतील तर चकती चालेल. त्यापुढे एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी किमान संहती, मोजल्याशिवाय काही बोलू नये असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात अर्कापासून. वनस्पतीचा नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा करून क्रमांक घ्या, कारण एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन प्रजातींची रसायनं पूर्ण वेगळी असू शकतात. पानं सावलीत किंवा ४० अंशांखाली वाळवा, दळा, आणि वजनाच्या दहापट आकारमानाच्या ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये किंवा मिथेनॉलमध्ये २४ ते ४८ तास हलवत ठेवा. गाळून ४० अंशांवर कमी दाबाखाली विद्रावक उडवा आणि उरलेलं पाणी फ्रीझ ड्रायरमध्ये काढा. कोरड्या पानाच्या किती टक्के अर्क मिळाला ते नोंदवा. हा आकडा पुढे लागतोच. नुसत्या पाण्यातल्या अर्कात साखर आणि प्रथिनं भरपूर येतात. तो लवकर नासतो आणि कमी संहतीत जंतूंना चक्क खाऊ घालतो.

लसणाला हा नियम लागू नाही. अ‍ॅलिसिन अख्ख्या पाकळीत नसतंच. पाकळी ठेचल्यावर अ‍ॅलिनेज हे विकर अ‍ॅलिनवर काम करतं तेव्हा ते तयार होतं. अख्ख्या पाकळ्या थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या किंवा आधी उकळल्या तर विकर निकामी होतं आणि अर्कात अ‍ॅलिसिन जेमतेम उरतं. आधी ठेचा, सामान्य तापमानाला दहा मिनिटं ठेवा, मगच विद्रावक घाला आणि ताजाच तपासा. आणखी एक गोष्ट: अ‍ॅलिसिन थायॉल गटांशी अभिक्रिया करून मारतं, म्हणून माध्यमात सिस्टीन जास्त असेल तर त्याची धार बोथट होते.

आता विरघळवणं. कोरडा अर्क डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या विद्रावकात मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम या प्रमाणात विरघळवा. तो गाळायचाच असेल तर सेल्युलोज नायट्रेट किंवा अ‍ॅसिटेटचा गाळणकागद वापरू नका, डीएमएसओ तो विरघळवतं. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) घ्या. या द्रावणाचे २० मायक्रोलिटर ९८० मायक्रोलिटर म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या द्रव माध्यमात) घातले की मिलिलिटरला २००० मायक्रोग्रॅम अर्क आणि २ टक्के डीएमएसओ होतं. इथे गढूळपणा आला तर थांबा. अर्क साका होऊन खाली बसतोय आणि पुढच्या सगळ्या आकड्यांना अर्थ राहणार नाही. सुरुवातच निम्म्या संहतीपासून करा.

९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये दुसऱ्यापासून अकराव्या खळग्यापर्यंत ५० मायक्रोलिटर ब्रॉथ घाला. पहिल्यात अर्काचं द्रावण १०० मायक्रोलिटर. तिथून ५० उचलून दुसऱ्यात, नीट मिसळून तिसऱ्यात, असं दहाव्यापर्यंत जा आणि शेवटचे ५० टाकून द्या. अकरावा खळगा वाढीचा कंट्रोल. त्यातल्या ब्रॉथमध्ये २ टक्के डीएमएसओ हवं, म्हणजे जंतू घातल्यावर १ टक्का उरेल, पहिल्या खळग्याइतकंच. बारावा खळगा जंतूंविना, नुसत्या १०० मायक्रोलिटर ब्रॉथचा. खाली आणखी एक ओळ अर्क आहे पण जंतू नाहीत अशी ठेवा. हिरव्या, तपकिरी अर्काचा रंग वजा करायचा तर ती लागते, आणि नेमकी तीच वगळली जाते.

जंतूंचं गणित असं. रात्रभर वाढलेल्या वसाहती सलाईनमध्ये मिसळून गढूळपणा मॅकफारलंड ०.५ या प्रमाणित पातळीला आणला की मिलिलिटरमध्ये साधारण १० कोटी जिवाणू येतात. ते शंभरपट पातळ केले की १० लाख. यातले ५० मायक्रोलिटर पहिल्या अकरा खळग्यांत घातले की मिलिलिटरला ५ लाख जिवाणू आणि १००० पासून सुमारे २ मायक्रोग्रॅमपर्यंतच्या दहा संहती तयार होतात. ५ लाखांऐवजी ५० हजार घातले की दुबळा अर्कही पराक्रमी दिसतो. म्हणून त्याच निलंबनातून आगारवर वसाहती मोजून संख्या पडताळा. प्लेट ३५ अंशांवर १६ ते २० तास ठेवा. कडेचे खळगे आधी सुकतात, तेव्हा ओलसर डब्यात ठेवलेली बरी.

प्रत्येक वेळी ज्याचा आकडा आधीच ठरलेला आहे असं एक औषध सोबत चालवा. एटीसीसी या जंतुसंग्रहातल्या २९२१३ क्रमांकाच्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर जेंटामायसिनची एमआयसी मिलिलिटरला ०.१२ ते १ मायक्रोग्रॅम यायला हवी. आली नाही, तर त्या दिवसाचं अर्काचं निरीक्षण कितीही सुंदर असो, बाद करा.

गडद अर्कात गढूळपणा दिसत नाही म्हणून रेझाझुरिन हा रंग वापरतात. ०.०१५ टक्के द्रावण, १०० मायक्रोलिटरला १० ते २०. जिवंत जिवाणू निळ्याचं गुलाबी करतात. अडचण ही की पॉलिफेनॉलही तेच करू शकतात, एकही जंतू नसताना. मग जंतूमुक्त खळगासुद्धा गुलाबी होतो आणि अर्क 'निष्प्रभ' ठरतो. जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात त्या एमटीटी या रंगद्रव्याचंही तेच. जंतूविरहित ओळ असेल तर फसवणूक लगेच कळते. तशी कळली की रंग सोडून द्या आणि प्रत्येक खळग्यातले १० मायक्रोलिटर साध्या आगारवर टाका. यातून मारक संहतीही मिळते: ९९.९ टक्के मेले म्हणजे मिलिलिटरला ५ लाखांचे ५०० उरले, १० मायक्रोलिटरात पाच वसाहती. ही संहती एमआयसीच्या चौपटीपर्यंत असेल तर परिणाम मारक मानतात, त्यापुढे फक्त वाढ रोखणारा.

उलट दिशेची फसवणूक जास्त महाग पडते. गॅलिक आम्ल आणि हिरव्या चहातलं ईजीसीजी हे पॉलिफेनॉल माध्यमातच ऑक्सिडीकृत होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. जंतू मरतात ते पेरॉक्साइडने, श्रेय मिळतं वनस्पतीला. पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज हे विकर घातलेली एक ओळ चालवा. त्या ओळीत परिणाम गळून पडला तर उत्तर मिळालं. आंबट फळांच्या अर्काचा सामू मोजून ७.२ च्या आसपास आणा, नाहीतर नुसत्या आम्लाचाच परिणाम मोजला जाईल. टॅनिन प्रथिनांना साकळवतात. पीव्हीपीपी या टॅनिन धरून ठेवणाऱ्या पॉलिमरने टॅनिन काढून पुन्हा तपासलं की कितीतरी सालींच्या अर्कांचा दबदबा उतरतो. करक्युमिनचं प्रकरण वेगळंच आहे. ते पिवळं आहे, चमकतं, उजेडात प्रकाशसंवेदक म्हणून वागतं आणि ३७ अंशांवर, सामू ७.२ च्या बफरमध्ये सीरम नसेल तर अर्ध्या तासात त्याचा सुमारे ९० टक्के भाग विघटित होतो. सोळा तासांच्या चाचणीत नेमकं काय तपासलं जातंय, हा प्रश्न तिथे रास्त आहे.

सुगंधी तेलं ब्रॉथवर तरंगतात. ट्वीन ८० ने ती मिसळतात खरी, पण ते फेनॉलना आपल्या गोळ्यांत कोंडून ठेवतं आणि एमआयसी खोटी वाढते. ब्रॉथमध्ये ०.१५ टक्के आगार घालून तेलाचे थेंब टांगते ठेवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. तेल पॉलिस्टायरीनच्या प्लेटमध्ये निर्भेळ ओतू नका. लिमोनीन त्या प्लास्टिकला विरघळवतं, खळग्याचा तळ धुरकट होतो आणि यंत्र त्यालाच वाढ समजतं. पॉलिप्रोपिलीन वापरा. वाफ शेजारी जाऊ नये म्हणून प्लेटवर चिकट पडदा लावा आणि तेलाच्या दोन ओळींमध्ये एक ओळ रिकामी सोडा. वाढीचा कंट्रोल तेलाच्या पहिल्या खळग्याशेजारी तर कधीच नको. टी ट्री तेल जुनं झालं, उजेड-हवा लागली की टर्पिनीन घटतात, पॅरासायमीन आणि पेरॉक्साइडं वाढतात. ते मग जंतूंपेक्षा त्वचेलाच जास्त झोंबतं. बाटली गडद, भरलेली, थंड जागी ठेवा आणि प्रत्येक खेपेचं जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) विश्लेषण जोडा, कारण 'थाईमचं तेल' या एकाच नावाखाली थायमॉलने भरलेलंही येतं आणि लिनालूलने भरलेलंही.

बुरशीसाठी माध्यम बदलतं: आरपीएमआय १६४० हे द्रव माध्यम, एमओपीएस या बफरने सामू ७.० ला बांधलेलं. सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या पद्धतीत कॅन्डिडा (यीस्ट) मिलिलिटरला ५०० ते २,५०० पेशी इतकाच घालतात, युकास्ट या युरोपीय संस्थेच्या पद्धतीत शंभरपट जास्त. त्यामुळे कोणती पद्धत वापरली हे न सांगता दिलेला आकडा कुणाशी ताडता येत नाही. कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस एटीसीसी २२०१९ आणि फ्लुकोनाझोल हा इथला नेहमीचा ताळा. बुरशीच्या धाग्यांची घनता गढूळपणावरून कळत नाही, म्हणून बीजाणू खरवडून, गाळून, मोजणीकाचेखाली मोजावे लागतात.

पिकांवरच्या बुरशीसाठी अर्क थेट माध्यमात मिसळतात: पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज आगार) ४५ ते ५० अंशांपर्यंत निवला की अर्क घाला, ओता, मधोमध ५ मिलिमीटरची बुरशीची टिकली ठेवा, कंट्रोलची वाढ कडेला पोचायच्या आत दोन्ही व्यास मोजा. व्यासातून टिकलीचे ५ मिलिमीटर वजा करायला विसरू नका. गरम माध्यमात घातलेलं सुगंधी तेल बऱ्याच अंशी उडून जातं, ते या पद्धतीत कमीच दिसतं. न वाढलेली टिकली उचलून ताज्या माध्यमावर ठेवा. तीन दिवसांत पुन्हा धागे फुटले तर बुरशी मेली नव्हती, नुसती थांबली होती.

बुरशीच्या पेशीत परिणाम कशावर होतोय हे बघायला दोन सोप्या चाचण्या आहेत. ०.८ मोलर सॉर्बिटॉल घातल्यावर एमआयसी चढली तर घाव पेशीभित्तीवर आहे. बुरशीच्या पेशीपटलात असणारं अर्गोस्टेरॉल बाहेरून घातल्यावर चढली तर पदार्थ पटलातल्या अर्गोस्टेरॉललाच चिकटतोय.

आकडा आला की वाचायचा कसा? बरेच संशोधक कच्च्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅमखाली असेल तर लक्षणीय, १०० ते ६२५ मध्यम, त्यापुढे क्षीण मानतात. शुद्ध संयुगाकडून १० च्या खालची अपेक्षा असते. मिलिलिटरला ८ मिलिग्रॅम एमआयसी असलेला अर्क 'आशादायक' म्हणणं मला पटत नाही. एका पायरीचा फरक, म्हणजे १२५ की २५०, हा चाचणीचाच हेलकावा आहे. त्यावरून दोन वनस्पतींची तुलना करू नये. ई. कोलाय आणि स्युडोमोनसवर बहुतेक अर्क आपटतात, कारण त्यांचं बाहेरचं पटल पदार्थाला अडवतं आणि जो आत शिरतो त्याला पंप बाहेर फेकतात. शिवाय सॅपोनिन बुरशीचं पटल फोडतं तसं लाल रक्तपेशींचंही. रक्तपेशी निम्म्या फुटण्याची संहती एमआयसीच्या खाली असेल, तर तो पदार्थ रक्तात सोडण्याचा विचार तिथेच सोडावा.

शेवटचा टप्पा अर्क फोडून त्यातलं कामाचं संयुग शोधण्याचा. टीएलसी पट्टीवर, म्हणजे सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर, घटक वेगळे करा, वर जंतू मिसळलेला पातळ आगार ओता, रात्रभर ठेवून एमटीटी फवारा. जांभळ्या पार्श्वभूमीवर जिथे पांढरा डाग राहील तिथे संयुग आहे. नेमकं इथेच अनेकदा सगळी जादू नाहीशी होते: अख्खा अर्क मारायचा, वेगळा केलेला एकही भाग मारत नाही. बर्बेरिस वंशातलं उदाहरण बोलकं आहे. बर्बेरीनला स्टॅफिलोकॉकसचा नॉर-ए पंप बाहेर फेकतो, आणि त्याच वंशातल्या झाडात सापडलेलं ५-प्राइम-मेथॉक्सीहिड्नोकार्पिन, जे स्वतः जंतूंना काहीच करत नाही, तो पंप बंद करतं. हे २००० साली दाखवलं गेलं. म्हणून निष्क्रिय भाग फेकू नका. सगळे भाग ज्या टक्केवारीने निघाले त्याच प्रमाणात पुन्हा एकत्र करून एमआयसी घ्या. ती मूळ अर्काइतकी परत आली तर दोन-दोन भागांची चेकरबोर्ड चाचणी, म्हणजे दोघांच्या वेगवेगळ्या संहतींच्या सगळ्या जोड्या, लावा. एफआयसी निर्देशांक (प्रत्येक भागाची जोडीतली एमआयसी भागिले एकट्याची एमआयसी, दोन्हींची बेरीज) ०.५ किंवा त्याखाली असला तर साहचर्य, ४ च्या वर असला तर विरोध, मधलं सगळं 'परस्परपरिणाम नाही' या खात्यात. एकत्र करूनही ती परत आली नाही, तर सक्रिय पदार्थ सिलिकावरच अडकला किंवा वाटेत ऑक्सिडीकृत झाला. मग सिलिकाऐवजी सेफाडेक्सचा (डेक्स्ट्रान जेलचा) स्तंभ घ्या आणि पुन्हा सुरुवात करा.